विद्यापीठीय ग्रंथालये, ग्रंथमिती आणि ग्रंथपालाची बदलती भूमिका

(अमरावती येथे ग्रंथपाल, प्राध्यापक, शासकीय अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर एका निवृत्त महाविद्यालयीन ग्रंथपालाने केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून येथे उपस्थित असलेल्या पंचायत सदस्यांच्या मनात एक प्रश्न निश्चितच आला असेल. 'ग्रंथमिती' हा शब्द विद्यापीठाच्या आवारात ठीक आहे; गावच्या कारभाराशी त्याचा संबंध काय? हा प्रश्न रास्त आहे आणि माझे आजचे भाषण म्हणजे त्याचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न होय.

आपण वऱ्हाडची माणसे मोजणीला नवखी नाही. कापसाची गाडी बाजारात आली म्हणजे प्रथम काट्यावर तिचे वजन होते. नंतर जाणकार माणूस त्यातील रुई हातात घेऊन बोटांनी ओढतो व धाग्याची लांबी पाहतो. काटा वजन सांगतो, प्रत सांगत नाही. आणि दोन्ही कळल्याखेरीज भाव ठरत नाही. एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या भागातील कापूस 'ऊमरा' या नावाने ओळखला जाई. ते नाव अमरावतीवरून पडलेले. नाव आपल्या गावाचे, पण प्रत ठरविणारे सातासमुद्रांपलीकडचे, अशी ती स्थिती होती. ज्ञानाच्या बाजारात आज आपली स्थिती फारशी वेगळी नाही, आणि म्हणूनच या विषयाकडे आपण लक्ष दिले पाहिजे.

ग्रंथमिती म्हणजे ग्रंथ, लेख, लेखक आणि उद्धरणे यांची पद्धतशीर मोजणी करून त्यांवरून ज्ञानव्यवहाराविषयी निष्कर्ष काढण्याचे शास्त्र. उद्धरण म्हणजे एका संशोधकाने आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखनाचा आधार म्हणून केलेला निर्देश. कोणी किती लिहिले, कोठे लिहिले आणि ते पुढे कोणाच्या उपयोगी पडले, या तीन प्रश्नांभोवती हे शास्त्र फिरते.

मोजणीचा उगम

या शास्त्राचा उगम मोठ्या सत्ताकेंद्रात झालेला नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेण्यासारखी आहे. १९२७ मध्ये अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयापुढे साधा व्यावहारिक प्रश्न होता: रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत? पैसा मर्यादित होता. ग्रॉस या नावाच्या दोघा अभ्यासकांनी रसायनशास्त्रातील एका प्रमुख नियतकालिकाचा वर्षभराचा संच घेतला, त्यात इतर कोणत्या नियतकालिकांचा निर्देश किती वेळा आला आहे हे मोजले आणि त्या क्रमाने खरेदीची यादी तयार केली. आवडीनिवडीच्या जागी पुरावा आला, एवढेच त्यांनी केले. पण तो आरंभ फलदायी ठरला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९२६ मध्ये, आल्फ्रेड लोटका यांनी रसायनशास्त्राच्या सारसूचीतील लेखकांची मोजणी केली होती. सुमारे ६० टक्के लेखकांच्या नावावर एकच लेख आहे आणि पुष्कळ लिहिणारे अगदी थोडे आहेत, असे त्यांना आढळले. १९३४ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या ग्रंथालयाचे प्रमुख ब्रॅडफर्ड यांनी तिसरे सूत्र मांडले. कोणत्याही विषयावरील लेख काही मोजक्या नियतकालिकांत दाटीने येतात आणि उरलेले फार मोठ्या क्षेत्रात विखुरलेले असतात. समजा, एका विषयावरील लेखांचा पहिला तृतीयांश ५ नियतकालिकांत सापडला. तर दुसऱ्या तृतीयांशासाठी २५ आणि तिसऱ्यासाठी १२५ नियतकालिके धुंडाळावी लागतील, अशा प्रकारचे हे प्रमाण असते. ब्रॅडफर्ड यांची चिंता ग्रंथपालाची होती. उपयुक्त लेखांचा मोठा भाग सारसूचींच्या हातून निसटतो व वाचकापर्यंत पोहोचतच नाही, हे त्यांना दिसत होते.

आपल्या देशात हा विचार डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी रुजविला. ते मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध केले. ग्रंथालयाच्या कामातही संख्याशास्त्राचा उपयोग व्हावा, असे त्यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील अ‍ॅस्लिब या संस्थेच्या परिषदेत सुचविले व त्या विद्येला 'लायब्रामेट्री' असे नाव दिले. पुढे १९६९ मध्ये ॲलन प्रिचर्ड यांनी 'बिब्लिओमेट्रिक्स' हा शब्द रूढ केला. त्यालाच आपण ग्रंथमिती म्हणतो. त्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोला येथे कृषि विद्यापीठाची स्थापना झाली, ज्याला आज डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. अमरावती विद्यापीठ त्यानंतर १ मे १९८३ रोजी अस्तित्वात आले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले.

कोऱ्या चिठ्ठीचा धडा

माझ्या सेवाकाळातील एक लहानसा अनुभव येथे सांगतो. आमच्या महाविद्यालयात एका वर्षी नियतकालिकांच्या वर्गणीत कपात करावयाची होती. कोणते नियतकालिक बंद करावे यावर एकमत होईना. बैठकीत जो मोठ्याने बोले त्याचे नियतकालिक वाचत असे. शेवटी आम्ही प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाच्या आत एक कोरी चिठ्ठी चिकटविली आणि अंक वाचणाऱ्याने तीवर एक रेघ ओढावी अशी विनंती केली.

वर्षअखेर चिठ्ठ्या काढल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. सर्वांत महाग अशा एका परदेशी नियतकालिकाच्या जवळजवळ साऱ्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. उलट, शेतीविषयक एक मराठी मासिक, जे बंद करण्याच्या यादीत मी स्वतःच घातले होते, त्याच्या चिठ्ठीवर रेघांना जागा उरली नव्हती. शेतकऱ्यांची मुले ते मासिक वाचून घरी वडिलांना सांगत असत. इतकी वर्षे ग्रंथालयात बसूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

तिसरी गोष्ट मात्र चिठ्ठीने सांगितली नाही. एका नियतकालिकावर वर्षभरात अगदी थोड्या रेघा होत्या आणि ते बंद करण्याचे जवळजवळ ठरले होते. सहज चौकशी केली तेव्हा कळले की त्या सर्व रेघा एकाच संशोधक विद्यार्थिनीच्या होत्या आणि तिचा सारा प्रबंध त्याच नियतकालिकावर उभा होता. ते आम्ही चालू ठेवले. मोजावे अवश्य, परंतु मोजल्यानंतर माणसाला विचारावेही, हा धडा मला त्या चिठ्ठ्यांनी दिला. ग्रंथमितीविषयी जे काही मला सांगावयाचे आहे त्याचे सार यात आले.

खारपाणपट्ट्याचे उदाहरण

आता गावाकडे वळू. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. खोल काळी चिकण जमीन, मातीत सोडियमचे प्रमाण अधिक, पाण्याचा निचरा मंद आणि भूगर्भातील पाणी खारे. विहीर खणली तरी ते पाणी पिण्यास आणि पिकास बहुधा निरुपयोगी. महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू केलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातील ९३२ खारपाणग्रस्त गावांचा समावेश करण्यात आला, यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी.

समजा, या पट्ट्यातील एखादे सरपंच ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "आमच्या जमिनीवर आजवर जे संशोधन झाले ते एकत्र दाखवा." त्यांना आपण काय दाखवू? मृदाशास्त्राचे प्रबंध अकोल्याच्या कृषि विद्यापीठात आहेत. भूगोल, भूशास्त्र व अर्थशास्त्र यांतील प्रबंध अमरावती विद्यापीठात. १९८३ पूर्वी वऱ्हाडातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून त्या काळातील प्रबंध नागपुरात. मृदा सर्वेक्षणाचे अहवाल नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेकडे, भूजलाचे अहवाल शासनाच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, आणि लेख देशभरच्या नियतकालिकांत विखुरलेले. ब्रॅडफर्ड यांचे सूत्र शिकण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. ते आपल्या पूर्णेच्या काठीच पाहावयास मिळते.

संगणकाने हे काम पुष्कळ सोपे केले आहे, हे मान्य केले पाहिजे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात देशातील विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक प्रबंध संगणकावर पाहता येतात. कृषि विद्यापीठांचे प्रबंध मुख्यतः 'कृषिकोश' या स्वतंत्र भांडारात असतात. परंतु एका भांडारात शोधणाऱ्याला दुसऱ्यातील प्रबंध आपोआप दिसत नाही. शिवाय 'खारपाणपट्टा' या शब्दाने शोधल्यास इंग्रजीतील प्रबंध सापडत नाहीत, कारण तेथे शब्द निराळे असतात. 'पूर्णा व्हॅली', 'सॅलाइन ट्रॅक्ट', 'सोडिक सॉइल' अशा अनेक नावांनी एकच प्रश्न लिहिला गेला आहे. ही नावे ओळखून, दोन्ही भांडारे व छापील अहवाल पडताळून, पुनरुक्ती गाळून एक सूची सिद्ध करणे हे ग्रंथपालाचे काम आहे.

सूची झाल्यावर ग्रंथमितीचे काम सुरू होते. कोणत्या दशकात किती संशोधन झाले? मातीवर किती, पिकांवर किती, पिण्याच्या पाण्यावर व आरोग्यावर किती? कोणत्या तालुक्यांतील नमुने पुनःपुन्हा घेतले गेले आणि कोणत्या तालुक्यात कोणी पाऊलच टाकले नाही? हा नकाशा मार्गदर्शक प्राध्यापकांपुढे ठेवला तर तोच तो विषय पुन्हा घेण्याचे टळेल, आणि जिल्हा परिषदेपुढे ठेवला तर कोणत्या प्रश्नावर अभ्यास मागवावा हे तिला कळेल. लोकांच्या पैशातून झालेले संशोधन लोकांच्या उपयोगी पडण्याचा हा एक मार्ग आहे.

मोजपट्टी माणसांवर आली

ही झाली मोजणीची सेवाभावी बाजू. दुसरी बाजूही स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

१९६० नंतरच्या दशकात युजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फिया येथून विज्ञानातील उद्धरणांची सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यामुळे एखाद्या लेखाचा पुढे कोणी आधार घेतला हे शोधणे प्रथमच सुलभ झाले. त्यातूनच नियतकालिकाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे प्रभावांक, निघाला. नियतकालिकातील मागील दोन वर्षांच्या लेखांना चालू वर्षी सरासरी किती उद्धरणे मिळाली, हे तो दर्शवितो. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने व्यक्तीसाठी 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्याच्या ५ लेखांना प्रत्येकी निदान ५ उद्धरणे आहेत त्याचा निर्देशांक ५, असा हा साधा हिशेब आहे.

नियतकालिकांची निवड करण्यासाठी घेतलेली मोजपट्टी येणेप्रमाणे माणसांच्या खांद्यावर ठेवली गेली. नेमणूक, पदोन्नती, विद्यापीठांची क्रमवारी या सर्वांत तिचा शिरकाव झाला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकांची पद्धत आणली. हेतू चांगला होता. अध्यापकाने संशोधन करावे अशीच अपेक्षा होती. परंतु लेखाला गुण आणि गुणाला बढती असे समीकरण झाल्यावर लेख विकत घेण्याची दुकाने निघण्यास वेळ लागला नाही. पैसे भरा, चार दिवसांत लेख प्रसिद्ध करतो, अशी पत्रे अध्यापकांना येऊ लागली. अशा बोगस जर्नलांच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द असतो, मुखपृष्ठावर कोणता तरी प्रभावांक छापलेला असतो, आणि लेख कोणी तपासलेला नसतो.

एक तरुण अध्यापक असेच एक पत्र घेऊन माझ्याकडे आले होते. पदोन्नतीची मुदत जवळ आली होती आणि शुल्क त्यांच्या पगाराच्या मानाने लहान नव्हते. आम्ही दोघांनी मिळून त्या नियतकालिकाच्या संपादक मंडळातील नावे पडताळली, छापलेला प्रभावांक कोणी दिला ते शोधले, मागील अंकांतील लेख वाचले. अर्ध्या तासात सर्व उघड झाले. त्यांनी पैसे भरले नाहीत; त्या वर्षी पदोन्नतीही मिळाली नाही. त्यांचा लेख पुढे एका चांगल्या नियतकालिकात आला खरा, पण त्या मधल्या काळात त्यांच्या मनाची जी ओढाताण झाली ती मी पाहिली आहे. प्रामाणिक राहण्याची किंमत एकट्या अध्यापकाने मोजावी, ही व्यवस्था योग्य म्हणता येणार नाही.

या अनिष्ट प्रकाराला आळा घालण्यासाठी आयोगाने 'केअर' ही व्यवस्था उभी केली आणि २०१९ पासून मान्य नियतकालिकांची यादी दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद करण्यात येत असल्याचे आयोगाने जाहीर केले आणि नियतकालिकांची पारख करण्यासाठी सूचक निकष देऊन निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविली. या निर्णयाच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलता येईल. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, काल दिल्लीतील यादीकडे बोट दाखवून मोकळे होता येत होते; आता पारख आपली आपणच करावयाची आहे. प्रत्येक महाविद्यालयात ती पारख करण्यास शिकलेला माणूस कोण आहे? तो ग्रंथपालच होय.

जे मोजले जात नाही

उद्धरणांच्या संख्येवरून संशोधनाची योग्यता ठरविताना एक विवेक बाळगावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर घ्या. १९७३ मध्ये 'सायन्स' या अमेरिकन साप्ताहिकात हे बेसाल्ट खडकातील आघात-विवर असल्याचे दाखविणारा लेख प्रसिद्ध झाला. चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्यांना असे विवर महत्त्वाचे वाटते, म्हणून लोणारवरील लेखनाला जगभर वाचक मिळतात. खारपाणपट्ट्यातील जमिनीत निचरा कसा सुधारावा यावरील लेखाला तेवढे वाचक मिळणे शक्य नाही. दोन्ही संशोधने मोलाची आहेत. उद्धरणांतील अंतर हे वाचकसमूहाच्या आकारातील अंतर आहे. ते गुणवत्तेचे अंतर मानले तर पूर्णेच्या खोऱ्यावर काम करणारा संशोधक उद्या तो विषय सोडून देईल.

दुसरे उदाहरण सोयाबीनचे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या अमरावती येथील प्रादेशिक संशोधन केंद्राने 'सुवर्ण सोया', 'पीडीकेव्ही यलो गोल्ड' आणि 'पीडीकेव्ही अंबा' हे वाण विकसित केले. शेतकरी बियाण्याची पिशवी विकत घेतो तेव्हा तो कोठेही उद्धरण नोंदवीत नाही. त्याने पुढच्या वर्षी तेच बियाणे मागितले, हेच त्याचे उद्धरण. जगातील कोणत्याही सूचीत ते येत नाही.

तिसरे उदाहरण भाषेचे. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या ज्या दोन मोठ्या सूचींच्या आधारे विद्यापीठांची गणना होते, त्यांत प्राधान्य इंग्रजी नियतकालिकांना आहे. मराठीतील संशोधनपर लेखन, लोकसाहित्याची संकलने, स्थानिक इतिहास, कृषि विद्यापीठांची शेतकऱ्यांसाठीची प्रकाशने यांना तेथे जवळजवळ स्थान नाही. सूचीत नाही म्हणून मोजणीत नाही, आणि मोजणीत नाही म्हणून महत्त्वाचे नाही, असे समजण्याकडे मग कल होतो.

यावर उपाय काय याचा धडा मराठीतच उपलब्ध आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली आणि पुढे १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा भाग सिद्ध केला. संगणकाचा मागमूस नसताना, ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतून प्रत्यक्ष ग्रंथ पाहून केलेले हे काम आहे. मराठीत कोणत्या दशकात कोणत्या विषयावर किती ग्रंथ झाले, हे आज कोणास सांगावयाचे झाल्यास त्याला दाते यांच्या सूचीकडे जावे लागते. दुसऱ्याची सूची आपल्याला मोजत नसेल तर आपली सूची आपण करावी. तक्रारीपेक्षा हा मार्ग अधिक टिकाऊ आहे.

बदललेले नाव, बदललेले काम

पूर्वीच्या ग्रंथपालाकडे कपाटांच्या किल्ल्या असत. ग्रंथाची राखण, वर्गीकरण, तालिका, देवघेव ही त्याची कामे. ती कामे आजही संपलेली नाहीत. परंतु त्यांच्याभोवतीचे जग बदलले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने विद्यापीठाच्या ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' म्हटले आणि त्याच्या प्रमुखाला संचालकाचे पद दिले. नाव बदलणे सोपे असते; त्या नावाला साजेसे काम उभे करणे अवघड असते.

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असे तिचे स्वरूप आहे. शासनाच्या व्यवस्थापनाखालील शिक्षण व संशोधन संस्था तिच्या कक्षेत येतात. कालपर्यंत 'नियतकालिक परवडत नाही' ही ग्रंथपालाची अडचण होती. आज तेरा हजारांतून आपल्या वाचकाच्या उपयोगाचे तेरा कोणते, हा प्रश्न आहे. १९२७ मध्ये टंचाईतून निघालेली मोजणी २०२५ नंतर विपुलतेत अधिक आवश्यक झाली आहे. वऱ्हाडातील पुष्कळ महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची आहेत, हे लक्षात घेऊन त्यांच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्रात बसून वाचण्याची सोय कशी होईल, याचाही विचार व्हावा.

वाङ्मयचौर्याला प्रतिबंध करणारे आयोगाचे २०१८ चे नियम आल्यापासून प्रबंधातील साम्य तपासण्याचे कामही बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडे आले आहे. येथेही तोच विवेक हवा. संगणक साम्याची टक्केवारी सांगतो. ती चोरी आहे की योग्य निर्देशासह घेतलेले अवतरण आहे, हे वाचूनच ठरवावे लागते. टक्केवारीच्या कागदावर शिक्का मारणे म्हणजे काट्यावरून थेट भाव ठरविणे होय.

चार सूचना

भाषण संपविण्यापूर्वी चार व्यवहार्य सूचना आपणासमोर ठेवतो.

पहिली: अमरावती व अकोला येथील दोन्ही विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून वऱ्हाडविषयक संशोधनाची एक समाईक सूची करावी. आरंभ खारपाणपट्ट्यापासून करावा. पुढे कापूस, संत्रा, मेळघाट असे विषय घ्यावेत. प्रत्येक नोंदीसोबत चार ओळींचा मराठी गोषवारा असावा, म्हणजे सरपंचांना व शिक्षकांना तो वाचता येईल.

दुसरी: प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने वर्षातून एकदा अध्यापक व संशोधक विद्यार्थी यांच्यासाठी नियतकालिकाची पारख कशी करावी यावर एक दिवसाचा वर्ग घ्यावा. संपादक कोण, लेख तपासतो कोण, शुल्क कशाचे, प्रभावांक कोणी दिला, मागील अंक वाचण्यास मिळतात काय, हे पाच प्रश्न विचारण्याची सवय लागली तरी बोगस जर्नलांचा धंदा पुष्कळ कमी होईल.

तिसरी: निवड समित्यांपुढे जाणाऱ्या उद्धरणांच्या आकड्यांसोबत ग्रंथपालाचे एक टिपण असावे. आकडा कोणत्या सूचीतून घेतला, त्या विषयात सरासरी किती उद्धरणे मिळतात, आणि सूचीबाहेरचे कोणते काम विचारात घ्यावयास हवे, हे त्यात स्पष्ट असावे. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीची योग्यता ठरवू नये, असे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मांडल्या गेलेल्या जाहीरनाम्यात म्हटले आहे आणि २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे असे सांगितले आहे. आपण काही जगावेगळे मागत नाही.

चौथी सूचना पंचायत सदस्यांना आहे. आपल्या भागात कोणी संशोधक माती, पाणी, पीक किंवा माणसे यांची पाहणी करून गेला असेल तर त्याच्या प्रबंधाची प्रत किंवा निदान त्याचा सारांश ग्रामपंचायतीला मिळावा, अशी मागणी करा. गावाने माहिती दिली आहे. तिचे पुढे काय झाले हे जाणण्याचा गावाला अधिकार आहे. आणि प्रश्न घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात या. तेथील माणसाला प्रथम थोडे नवल वाटेल, पण तो आपल्याला परत पाठविणार नाही, एवढा विश्वास माझ्या व्यवसायबंधूंविषयी मला आहे.

ज्या संतांचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला आहे ते गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. ग्रंथपालानेही हेच करावयाचे आहे. किती लेख, किती उद्धरणे, किती प्रबंध, हे त्याने काटेकोरपणे मोजावे. आणि त्यानंतर हे कोणाच्या उपयोगी पडले, असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगणक देईल. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी ग्रंथपालाला खुर्ची सोडून वाचकांमध्ये आणि प्रसंगी पूर्णेच्या काठच्या गावापर्यंत जावे लागेल.